'मुंबई सिटी'मधलं सिटी मँचेस्टरहून आलेलं नाही

अंधेरीला मुंबई सिटीची फुटबॉल मॅच सुटली की आझादनगर मेट्रोच्या जिन्यावर कुणीतरी शेजारच्याला हमखास सांगत असतो, "मँचेस्टर सिटीवाल्यांनी टीम घेतली ना, म्हणून मुंबई सिटी." ऐकणारा मान डोलावतो, कारण मेलबर्न सिटी, न्यूयॉर्क सिटी, मुंबई सिटी सगळी एकाच माळेतली वाटतात. जर्सीही निळीच. हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा सगळी सालं मांडून ठेवतो.

मँचेस्टरची गोष्ट बहुतेकांना पाठ असते. १८८० मध्ये चर्चच्या आधाराने उभी राहिलेली टीम, १८८७ पासून 'आर्डविक', १८९४ मध्ये 'मँचेस्टर सिटी'. आर्डविक म्हणजे शहरातला एक भाग. आपल्याकडे 'परळ'चं 'मुंबई' व्हावं, तसं ते झालं. आजचं मँचेस्टर युनायटेड तेव्हा 'न्यूटन हीथ' होतं आणि १९०२ पर्यंत त्याच नावाने खेळलं.

आता आपलं. मुंबई सिटीचा जन्म २०१४ चा, आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, पहिल्या हंगामातला. मालक रणबीर कपूर आणि बिमल पारेख. फ्रान्सचा निकोला अनेल्का इथे खेळला तेव्हाही जर्सीवरचं नाव मुंबई सिटीच होतं. मँचेस्टर सिटीची मालक कंपनी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला नोव्हेंबर २०१९ मध्ये. म्हणजे नाव पाच वर्षं आधीचं, आणि ग्रुप आल्यावर त्याला नावात एक अक्षरही बदलावं लागलं नाही. गोंधळ नेमका इथेच होतो. आधीपासून असलेलं नाव नव्या मालकाच्या नावाशी जुळलं, आणि लोकांनी ते मालकानेच दिलं असं धरलं.

ग्रुप स्वतः नाव बदलतो तेव्हा काय होतं, ते मेलबर्नमध्ये दिसतं. क्लब होता 'मेलबर्न हार्ट'. जानेवारी २०१४ मध्ये ग्रुपने तो विकत घेतला आणि त्याच वर्षी त्याचा 'मेलबर्न सिटी' झाला. उरुग्वेमधल्या मॉन्तेविदेओचा 'तोर्के' २०१७ मध्ये घेतला, २०२० मध्ये त्याच्या नावात 'सिटी' घातलं. या दोघांबद्दल कुणी म्हणालं की सिटी मँचेस्टरहून आलं, तर बिनशर्त मान्य.

तरी पटत नसेल तर पुण्याकडे बघा. त्याच पहिल्या हंगामात 'एफसी पुणे सिटी' होती, आणि तिची भागीदारी होती इटलीच्या फिओरेंटिनाशी. ते सिटी कुठल्या मँचेस्टरचं म्हणायचं?

परदेशी भागीदारावरून पडलेलं नाव त्या लीगमध्ये खरंच एक होतं, 'अॅटलेटिको दी कोलकाता'. स्पेनच्या अॅटलेटिको माद्रिद क्लबची भागीदारी, जर्सीवर त्यांचेच लाल-पांढरे पट्टे. २०१७ मध्ये भागीदारी संपली, आणि नावातलं अॅटलेटिकोही गेलं. १२ ऑक्टोबर २०१४ ला आयएसएलचा पहिलाच सामना याच कोलकात्याशी मुंबई सिटीने खेळला. आपण ३-० ने हरलो.

'सिटी' म्हणजे मुंबई शहर जिल्हा, असंही काही जण सांगतात. अंधेरी उपनगर जिल्ह्यात आहे, एवढं सांगितलं की पुरे.

शेवटची, पण मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. मुंबई सिटीला कृपा करून 'मुंबई एफसी' म्हणू नका. मुंबई एफसी हा २००७ चा वेगळा क्लब. पिवळी जर्सी, आय-लीग ही आयएसएलहून वेगळी देशपातळीवरची लीग, कूपरेजचं मैदान, बरीच वर्षं खालिद जमीलचं प्रशिक्षण. २०१६-१७ च्या हंगामात तो आय-लीगमधून खाली गेला आणि मग बंदच झाला. त्या क्लबचं नाव बदलून मुंबई सिटी झालेली नाही. २०१४ ते २०१७ या काळात दोन्ही क्लब एकाच वेळी खेळत होते, आणि कूपरेजच्या स्टँडमध्ये 'यलो ब्रिगेड'ची पोरं घसा फोडून ओरडायची ती पिवळ्या जर्सीसाठी.