अगामेम्नॉनचा हरवलेला ‘व’

परवा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर सोन्याच्या मुखवट्याचा फोटो आला. खाली मजकूर : ‘हाच ग्रीकांचा सम्राट अगामेम्नॉन. ट्रॉयचं युद्ध सिद्ध!’ उत्खनन करणाऱ्या हाइनरिख श्लीमानला 1876 साली ग्रीसमधल्या मायसीनीच्या थडग्यात हा मुखवटा सापडला आणि त्याने तो अगामेम्नॉनचाच ठरवून टाकला, इथवर ठीक. पण मुखवटा इसवी सनापूर्वीच्या सोळाव्या शतकातला आहे. ट्रॉयचं युद्ध झालंच असेल तर त्यानंतर तीनेकशे वर्षांनी. सापडेल त्या वस्तूला महाकाव्यातलं नाव चिकटवायची हौस आपल्याकडेही आहेच, म्हणून जास्त हसत नाही.

मला खटकला तो ‘सम्राट’. ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य म्हणजे इलियड. त्यात पुढाऱ्यांसाठी मुख्यतः दोन शब्द येतात, अनक्स आणि बासिलेउस. भाषांतरात दोघांचाही ‘राजा’ होतो आणि तिथेच घोळ होतो.

इलियडच्या सातव्याच ओळीत अगामेम्नॉनचा उल्लेख ‘अत्रेइदेस ते अनक्स अन्द्रोन’ असा आहे : अत्रेउसचा मुलगा, माणसांचा धनी. ‘यमाताराजभानसलगा’ घोकलेल्यांना याचं वृत्त अवघड नाही. सहा गण, मूळ साचा ‘भ’ गणाचा, म्हणजे गुरू-लघू-लघू. दोन लघूंऐवजी एक गुरू चालतो, शेवटचा गण दोन अक्षरांचा. आता गंमत पाहा. ग्रीकमध्ये ‘ते’मधला ए ऱ्हस्व आहे, आणि असा ऱ्हस्व स्वर पुढे स्वर आला की सहसा गळतो. म्हणजे ‘ते अनक्स’चं ‘तनक्स’ व्हायला हवं. तसं केलं की दुसऱ्या गणात एक लघू कमी पडतो आणि ओळ लंगडते. मग इथे संधी का नाही?

कारण हे काव्य तोंडी घडवणाऱ्यांचे पूर्वज ‘वनक्स’ म्हणत. दोन स्वरांच्या मध्ये ‘व’ उभा होता. पुढे बोलीतून ‘व’ गेला, ओळ मात्र जशीच्या तशी उरली. अशा जागा होमरमध्ये ढिगाने आहेत. रिचर्ड बेंटली या इंग्रज पंडिताने अठराव्या शतकात या अडखळण्यावरूनच ‘व’ ओळखला. आपल्या गायत्री मंत्रातही हेच आहे. ‘तत्सवितुर्वरेण्यं’ची अक्षरं मोजा, सातच भरतात. ‘वरेणियं’ म्हटलं की आठ.

ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यात 1939 साली मातीच्या पाट्या सापडल्या. इसवी सनापूर्वी 1200च्या सुमारास वाडा जळाला, त्या आगीतच कच्च्या पाट्या भाजून टिकल्या. मायकेल व्हेंट्रिसने 1952 साली त्यांची लिपी उलगडली आणि तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं : व-न-क. ‘व’सकट! एका पाटीवर वनक्सची, म्हणजे वाड्यातल्या राजाची, जमीन 30 मापं गव्हाच्या पेऱ्याची आहे, त्याच्या खालोखालच्या लावागेतासची 10. मान असा मापात मोजलेला.

त्याच दप्तरात ‘क्वासिरेउ’ही आहे, म्हणजे पुढचा बासिलेउस. पण हा राजा नव्हे. लोहारांना ब्राँझ वाटल्याच्या याद्यांत दिसणारा गावपातळीवरचा मुखिया.

वाडे जळाले तेव्हा वनक्स गेला, मुखिये राहिले. चारेकशे वर्षांनी, इसवी सनापूर्वी आठव्या शतकात, इलियडला आजचं रूप येईपर्यंत ‘अनक्स’ हा जुना भारदस्त शब्द झाला होता. होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीत, तो कुत्र्याच्या धन्यालाही लागतो. रोजच्या मानापमानाचा शब्द बासिलेउस. इथाकासारख्या एका बेटावर असे बासिलेउस पुष्कळ. आणि म्हणूनच त्याला तर-तम भाव आहे, जो होमरमध्ये अनक्सला नाही. ‘बासिलेउतेरोस’ म्हणजे अधिक बासिलेउस. हा ‘तेरोस’ आणि आपल्या ‘गुरुतर’मधला ‘तर’ सख्खे भाऊ.

आता इलियडमधलं, ग्रीकांचा बिनीचा योद्धा अकिलीस याचं अगामेम्नॉनशी झालेलं भांडण वाचा. लुटीतून सैन्याने दिलेला मानाचा वाटा, गेरास, म्हणजे ब्रिसेइस ही बाई, अगामेम्नॉन त्याच्याकडून काढून घेतो. सम्राटाविरुद्धचं बंड असं याला म्हणता येत नाही. मुखियांमध्ये थोरला कोण, याचा हा तंटा आहे. नवव्या सर्गात अगामेम्नॉन माघार घेतो, भेटी देऊ करतो, मुलगीही देऊ करतो, पण शेवटी म्हणतोच : त्याने माझ्यापुढे नमावं, मी बासिलेउतेरोस आहे. निरोप्या ओडिसिअस शहाणा. भेटींची यादी घडाघडा म्हणतो, हे वाक्य तेवढं गिळतो.

अकिलीसच्या कानावर ते पडलेलंच नाही. तरी मुलगी नाकारताना तो म्हणतो, त्याने दुसरा जावई बघावा, त्याला शोभेलसा, माझ्याहून बासिलेउतेरोस.