छियेनचंग सान

छियेनचंग सान : एका बाजूला वाकडे झालेले तोंड आणि न मिटणारा डोळा यांवर चिनी वैद्यकात दिले जाणारे तीन द्रव्यांचे चूर्ण. नावाचा अर्थ ‘ओढून सरळ करणारे चूर्ण’ असा आहे. दक्षिण सुंग काळातील यांग तान यांच्या ११७८ सालच्या संग्रहात हा पाठ (औषधाची कृती) आढळतो. यांग घराण्यात जपून ठेवलेली औषधे त्यांनी या संग्रहात एकत्र केली होती. पाठ अगदी आटोपशीर आहे : बायफूझ, च्यांगत्सान व छ्वानश्ये ही तिन्ही द्रव्ये समभाग घ्यावीत, बारीक चूर्ण करावे आणि एक छियेन (सुंगकालीन मापाने सुमारे ४ ग्रॅम) चूर्ण गरम मद्यातून केव्हाही द्यावे.

बायफूझ हा अळू-सुरणाच्या कुळातील टायफोनियम जायगँटियम या वनस्पतीचा कंद. कच्चा चावला तर जीभ-घसा चरचरतो, सुजतो आणि बधिर होतो. आपल्याकडे अळूची खाज चिंचेने मोडतात. चिनी औषधवाले हा कंद बरेच दिवस भिजवून आले व तुरटीबरोबर शिजवतात. मूळ पाठात मात्र तो कच्चाच वापरायला सांगितला आहे. नावाच्या सारखेपणामुळे याच्याबाबत घोटाळेही झाले आहेत. ईशान्य चीनमध्ये ‘बायफू’ म्हणून विकले जाणारे दुसरे मूळ बचनागाच्या जातीचे आहे आणि नुसते ‘फूझ’ म्हणजेही बचनागच. या दोन्हींचे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. त्यामुळे चिठ्ठीवरचे एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर ते जिवावर बेतू शकते.

च्यांगत्सान म्हणजे बुरशीने मेलेला रेशीमकिडा. ब्यूव्हेरिया बॅसियाना या बुरशीची लागण झाली की अळी ताठ होते आणि तिच्यावर पांढरा थर चढतो. रेशीम उत्पादकाच्या दृष्टीने ही रोगराई. चिनी औषधाच्या दुकानात तिलाच किंमत येते. याच रोगाचा अभ्यास करून आगोस्तिनो बास्सी या इटालियन संशोधकाने १८३५ मध्ये दाखवून दिले, की सूक्ष्मजीव प्राण्यांत रोग निर्माण करू शकतात. तिसरे द्रव्य छ्वानश्ये म्हणजे नांगीसकट अख्खा विंचू. तो पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात उकळून वाळवतात.

चिनी उपपत्तीनुसार हा रोग ‘वारा’ आणि कफ यांनी चेहऱ्यावरचे मार्ग अडवल्याने होतो. बायफूझ डोक्याकडच्या भागातील वारा व कफ हटवतो. विंचू आणि रेशीमकिडा आकडी व थरथर थांबवतात, असे मानतात. गरम मद्य औषधाला वर चेहऱ्याकडे नेते. आयुर्वेदातही चेहऱ्याच्या लकव्याला, म्हणजे अर्दिताला, वातव्याधींतच स्थान आहे. पण चरकसंहितेतील उपचार नस्य (नाकात औषध सोडणे), डोक्यावर तेल व तर्पण (शरीराला पोषण देणारे उपचार) अशा वेगळ्याच वाटेने जातात.

चिनी वैद्यांचे एक निरीक्षण मात्र दाद देण्याजोगे आहे. हान काळाच्या अखेरचे (सुमारे दुसरे-तिसरे शतक) वैद्य चांग चुंगचिंग यांच्या नावावरील ग्रंथात म्हटले आहे, की रोगट बाजू सैल पडते, निरोगी बाजू ताणलेली राहते आणि तीच रोगट बाजूला आपल्याकडे ओढते. पाहणाऱ्याला तोंड जिकडे वळलेले दिसते तिकडेच बिघाड असावा असे वाटते; प्रत्यक्षात उलट असते.

आधुनिक वैद्यकात या रोगाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराला बेल्स पाल्सी म्हणतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या सातव्या मस्तिष्क चेतातंतूला सूज आल्याने चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडते. औषधाचे श्रेय ठरवताना अडचण येते ती इथेच. कोपनहेगनमध्ये २५ वर्षे ठेवलेल्या नोंदींत काहीही उपचार न केलेले सुमारे ७१ टक्के रुग्ण पूर्ण बरे झालेले आढळले. म्हणजे आठशे वर्षांत हे चूर्ण घेऊन ज्यांचा चेहरा सरळ झाला, त्यांतील बहुतेकांचा तो तसाही सरळ झाला असता. केवळ गुण आलेल्यांच्या हकिकतींवरून या औषधाचा निर्वाळा देता येत नाही. स्टेरॉइडची गोष्ट वेगळी : स्कॉटलंडमधील २००७ च्या चाचणीत पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी ९४ टक्के, तर ते न दिलेल्यांपैकी ८२ टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. चूर्णाच्या नादात हे तीन दिवस निघून जाणे हाच मोठा तोटा. तोंड वाकडे होऊनही कपाळाला आठ्या पडत असतील, किंवा हात-पाय लुळे पडले, बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे लागते.

चिनी परंपरेतही हे चूर्ण सरसकट देत नाहीत. अशक्तपणा व रक्त साकळणे हे कारण मानले, तर वांग छिंगरेन यांच्या १८३० च्या ग्रंथातील काढा निवडतात. गर्भवतींना हे चूर्ण वर्ज्य आहे. आजचे वैद्य त्यात अनेकदा गोम किंवा वारा घालवणाऱ्या वनस्पती मिसळतात आणि सोबत सुया टोचतात. कानाच्या पाळीच्या पुढे गालावर असलेल्या, सुई टोचण्याच्या एका बिंदूला तर छियेनचंग हेच नाव आहे.

यापेक्षा जुनाट वळणाचा एक लेपही सोळाव्या शतकातील ली शिचेन यांच्या औषधीकोशात नोंदवला आहे : ईलसारख्या दिसणाऱ्या गोड्या पाण्यातील माशाचे रक्त, त्यात किंचित कस्तुरी. तोंड डावीकडे वळले असेल तर तो उजव्या गालाला लावायचा, उजवीकडे वळले असेल तर डाव्या, आणि चेहरा सरळ होताच धुऊन टाकायचा.