इयागोला नेमके हवे तरी काय होते?

‘ऑथेल्लो’ या नाटकात सेनापती ऑथेल्लोच्या मनात बायकोविषयी संशय पेरणारा खलनायक इयागो शेक्सपिअरला आयता मिळाला. इटालियन लेखक चिंथिओच्या १५६५ साली छापलेल्या कथासंग्रहात तो आधीच आहे, फक्त बिननावाचा: मूर (उत्तर आफ्रिकी वंशाच्या) सेनापतीचा निशाणदार, एवढीच त्याची ओळख. हेतू मात्र लख्ख आहे. सेनापतीच्या बायकोवर, डिस्डेमोनावर, त्याचे मन बसते, ती दाद देत नाही, तिचा जीव दुसऱ्याच अधिकाऱ्यावर असणार असा तो ग्रह करून घेतो आणि सूडाला पेटतो. तिच्याविरुद्ध खोटा पुरावा म्हणून तिचा रुमालही तो स्वतःच्या हाताने लांबवतो, तोही ती त्याच्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन खेळवत असताना.

१६०४ च्या १ नोव्हेंबरला व्हाइटहॉलच्या राजवाड्यात या नाटकाचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. तोवर शेक्सपिअरने हा ठसठशीत हेतूच विस्कटून टाकला होता. त्याचा इयागो आधी म्हणतो, ऑथेल्लोने बढती कॅसिओ या दुसऱ्या अधिकाऱ्याला दिली म्हणून राग. मग म्हणतो, माझ्या बायकोचे ऑथेल्लोशी काहीतरी होते अशी कुजबुज आहे. खरेखोटे ठाऊक नाही, पण मी ते खरेच धरून चालणार. पुढे हाच संशय कॅसिओवरही. मधेच ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना (चिंथिओची डिस्डेमोना) आपल्यालाही आवडते, असे सांगून मोकळा होतो. मला तरी ही कारणे कमी आणि सबबी जास्त वाटतात. इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजने त्याच्या दुष्टाव्याला हेतुहीन म्हटले ते यामुळेच. अर्थात, बढतीचा सल अगदीच खोटा असेल असे नाही.

प्रेक्षकांशी गुलूगुलू बोलत कट रचणारे पात्र इंग्रजी रंगभूमीला नवे नव्हते. जुन्या नीतिनाटकांतला ‘व्हाइस’ म्हणजे मूर्तिमंत दुर्गुण हेच करायचा. त्यात इटालियन राजकीय विचारवंत मॅकियाव्हेलीच्या नावाभोवती तयार झालेली कावेबाज माणसाची प्रतिमा मिसळली.

पण इयागोची खरी करामत तिसऱ्या अंकात दिसते. कॅसिओ डेस्डेमोनापासून घाईने निघून जातो. इयागो स्वतःशीच बोलल्यासारखे पुटपुटतो, ‘हे काही मला रुचले नाही.’ काय म्हणालास, असे विचारल्यावर ‘काही नाही.’ मग ऑथेल्लोचेच शब्द तो प्रश्नासारखे परत करत राहतो. कॅसिओ प्रामाणिक नाही का? ‘प्रामाणिक, महाराज?’ आरोप एकही नाही. संशयाचे वाक्य ऑथेल्लोच पुरे करतो. वर मत्सरापासून सांभाळा, असा सल्लाही इयागोच देतो! रुमाल नंतर येतो, तोही चोरावा लागत नाही: डेस्डेमोनाच्या हातून पडतो, इयागोची बायको एमिलिया उचलते. एका रुमालावरून एवढे रामायण, म्हणून इंग्रज समीक्षक टॉमस रायमरने १६९३ मध्ये नाटकाची टर उडवली. रुमालाआधी झालेले हे सगळे बोलणे त्याने पुरेसे जमेस धरले नाही.

१८८७ साली इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’ या ऑपेरात त्याचे शब्द लिहिणाऱ्या बोइतोने इयागोच्या तोंडी एक खणखणीत कबुलीगीत घातले: क्रूर देवाने मला घडवले, म्हणून मी असा. ऐकायला जबरदस्त आहे, पण शेक्सपिअरच्या इयागोने असे काही सांगितले नसते. पकडला गेल्यावर तो एवढेच म्हणतो की आता मी एक शब्दही बोलणार नाही, आणि त्यानंतर छळाची धमकी मिळूनही तो गप्पच राहतो.