प्रोसेसर तापतो तेव्हा उष्णता नेमकी कुठे अडते?

घरी सुटे भाग आणून जुळवलेला संगणक व्यवस्थित सुरू होतो, किरकोळ कामेही सुरळीत चालतात, पण व्हिडिओ रेंडर करण्यासारखे जड काम दिले की प्रोसेसरचे तापमान ९० अंश सेल्सिअसला जाऊन भिडते. अशा वेळी बहुतेक जण अधिक महागड्या कूलरचा शोध सुरू करतात. हा खर्च पुष्कळदा वाया जातो, कारण दोष कूलरच्या ताकदीत नसून उष्णतेच्या वाटेवर दुसरीकडेच असतो. तो कुठे आहे हे ओळखण्यासाठी तापमान कितीपर्यंत चढले यापेक्षा ते किती वेळात चढले हे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

प्रोसेसरला दिलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. अब्जावधी ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना जी शक्ती खर्च होते ती वारंवारतेच्या समप्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात वाढते. २०२० च्या अखेरीस बाजारात आलेल्या आणि आजही अनेक घरगुती संगणकांत असलेल्या एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स या प्रोसेसरचे उदाहरण घेऊ. त्याच्या खोक्यावरचा आकडा १०५ वॅटचा असला, तरी प्रत्यक्षात सॉकेटमधून, म्हणजे तो ज्या खोबणीत बसतो तिच्यातून, १४२ वॅटपर्यंत वीज घेण्याची त्याला मुभा असते. त्याचे आठही कोर (गणना करणारे स्वतंत्र विभाग) सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एकाच चिपवर बसवलेले असल्यामुळे जड कामात दर चौरस सेंटिमीटरला शंभराहून अधिक वॅट उष्णता तयार होते. घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीच्या तळाशी हेच प्रमाण पाच-सहा वॅटच्या आसपास असते.

म्हणून तपासणीला लागण्यापूर्वी आपल्या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा किती आहे ते पाहावे. ५८००एक्ससाठी ती ९० अंश आहे, इंटेलच्या कोअर आय९-१३९००केसाठी १०० अंश आहे, आणि रायझन ७००० मालिकेतील ७९५०एक्ससारखे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालतील अशा बेताने बनवलेले आहेत. मर्यादेपाशी पोहोचताच प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, त्यामुळे तो जळून जाण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र आपण पैसे मोजून घेतलेला वेग आपल्याला मिळत नाही, हे नुकसान खरे आहे. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये तापमान, खर्च होणारे वॅट आणि कोरचा वेग या तिन्ही नोंदी एकत्र पाहाव्यात. एकट्या तापमानावरून निदान होत नाही.

सिलिकॉनपासून खोलीतल्या हवेपर्यंत उष्णतेला अनेक थर ओलांडावे लागतात. चिपच्या वर सोल्डर असतो, त्यावर धातूचे झाकण, मग थर्मल पेस्ट, कूलरचा तांब्याचा तळ, उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या म्हणजे हीटपाइप, ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, कॅबिनेटमधली हवा आणि शेवटी खोलीतली हवा. प्रत्येक थर उष्णतेला थोडाफार अडवतो, आणि प्रत्येकाला तापायला लागणारा वेळ वेगळा असतो. चिप आणि तिचे झाकण काही सेकंदांत तापतात, धातूच्या कूलरला काही मिनिटे लागतात, तर पाण्यावर चालणाऱ्या कूलरमधले पाणी स्थिर तापमानाला यायला पंधरा-वीस मिनिटेही जातात. सिनेबेंचसारखी, प्रोसेसरला पूर्ण भार देणारी चाचणी लावून घड्याळाकडे पाहत बसणे मला पहिली पायरी वाटते ती यामुळेच.

चाचणी सुरू होताच तापमान काही अंशांनी उसळणे स्वाभाविक आहे, आणि ५८००एक्ससारख्या दाट चिपमध्ये ही उसळी बरीच मोठीही असते. पण दोन-चार सेकंदांत आकडा थेट मर्यादेला टेकला, वेग घसरला आणि त्या वेळी कूलरच्या पट्ट्यांना हात लावल्यावर त्या थंडच लागल्या, तर उष्णता कूलरपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. दोष झाकण आणि कूलरचा तळ यांच्यामध्ये आहे. तांब्याची उष्णतावाहकता दर मीटर-केल्व्हिनला सुमारे ४०० वॅट असते, चांगल्या पेस्टची साधारण पाच ते दहा, आणि हवेची केवळ ०.०२६. पेस्टचे काम तांब्याची जागा घेण्याचे नसून दोन पृष्ठभागांमधल्या बारीक खळग्यांतली हवा हुसकावून लावण्याचे आहे. त्यामुळे तिचा थर जितका पातळ आणि सलग, तितका चांगला.

अशा वेळी संगणक बंद करून कूलर काढावाच लागतो. तळाला लावलेली संरक्षक प्लास्टिकची पारदर्शक पट्टी तशीच राहून गेलेली असते, आणि हे वाटते त्याहून अधिक वेळा घडते. ती नसेल तर पेस्टचा ठसा नीट पाहावा. मधोमध पातळ आणि सर्वत्र सारखा ठसा असेल तर दाब बरोबर होता. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जवळपास कोरा असेल तर कूलर तिरका बसला होता. स्क्रू एका कोपऱ्यात पूर्ण आवळून मग दुसरीकडे वळण्याऐवजी समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे आवळत गेले की हा दोष टळतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि वाटाण्याएवढी नवी लावावी. एएम४ सॉकेट (५८००एक्स याच प्रकारच्या सॉकेटमध्ये बसतो) असलेल्यांनी एक काळजी आवर्जून घ्यावी: पेस्ट घट्ट चिकटलेली असेल तर कूलर सरळ वर ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करावी, मग तो बंद करून कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवावा.

तापमान पहिल्या मिनिटात ठीक राहून पुढे हळूहळू चढत गेले, तर संपर्क चांगला आहे आणि अडचण हवेची आहे. कॅबिनेटचे बाजूचे झाकण उघडून तीच चाचणी पुन्हा करावी. तापमान लक्षणीय खाली आले तर कॅबिनेटला पुरेशी हवा मिळत नाही, मग जाळीवरची धूळ काढावी आणि पंख्यांची दिशा तपासावी. बहुतेक पंख्यांत ज्या बाजूला मोटरला धरणारे आडवे दांडे दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. पाण्याच्या कूलरमध्ये पंप चालू आहे का ते पाहावे, आणि पंप संपूर्ण रचनेतला सर्वांत उंच भाग नसावा, नाहीतर हवेचे बुडबुडे तिथेच साठतात.

संपर्कही चांगला आणि हवाही पुरेशी असेल, तर वॅटच्या नोंदीकडे वळावे. काही मदरबोर्ड प्रोसेसरची वीजमर्यादा स्वतःहून वाढवून ठेवतात. कोअर आय९-१३९००केसाठी इंटेलने कमाल २५३ वॅट सांगितलेले असताना ती मर्यादा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जवळपास काढून टाकलेली आढळू शकते. इथे कूलर बदलण्यापेक्षा मर्यादा पूर्ववत करणे शहाणपणाचे आहे.

खोलीचे तापमान यात जवळजवळ जसेच्या तसे मिळवले जाते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात हा मुद्दा फार मोठा होतो. २६ अंशांच्या खोलीत १२० वॅट खर्च करणारा ५८००एक्स ८० अंशांवर स्थिरावत असेल, तर हवेपेक्षा तो ५४ अंशांनी गरम आहे, म्हणजे दर वॅटमागे ०.४५ अंश. खोली ४० अंशांवर गेली की तोच कूलर, तीच पेस्ट आणि तेच काम असूनही हिशेब ९४ अंशांचा होतो आणि प्रोसेसर ९० ला अडून वेग कमी करतो. इथे कुठेही बिघाड नसतो. बायोसमध्ये वीजमर्यादा ८८ वॅटवर आणली, तर ०.४५ ने गुणून सुमारे ४० अंशांची वाढ उरते आणि त्याच तापलेल्या खोलीत तापमान ८० च्या आसपास थांबते; व्होल्टेजच्या वर्गाच्या नियमामुळे वेगातली घट वीजबचतीच्या मानाने बरीच कमी असते.