सेनवरील पहाट : धुके, पाणी आणि एकांत

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने 1896 आणि 1897 मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावाजवळ, एप्त ही लहान नदी सेन नदीला मिळते त्या परिसरात, पहाटेच्या नदीची एक चित्रमालिका रंगवली. उजाडण्यापूर्वीच तो सपाट तळाच्या होडीत जाऊन बसे. प्रकाश बदलला की क्रमांक घातलेला पुढचा कॅनव्हास त्याच्या हाती देणारा मदतनीसही सोबत असे. म्हणजे चित्रकार एकटा नव्हता. तरीही या चित्रांइतका गाढ एकांत निसर्गचित्रांत क्वचितच आढळतो, आणि माझ्या मते त्याचे मूळ बरेचसे प्रकाशाच्या वर्तनात आहे.

निरभ्र रात्री हवा लवकर थंड होते, नदीचे पाणी मात्र तुलनेने उबदार राहते, आणि त्यावरून उठणारी वाफ थंड हवेत निवून तिचे बारीक थेंब बनतात, तेच धुके. धुक्याचे थेंब सामान्यतः काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर व्यासाचे, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी जेमतेम 0.4 ते 0.7 मायक्रोमीटर, त्यामुळे हे थेंब सर्व रंगांचे विकिरण जवळजवळ सारखेच करतात. धुक्याला स्वतःचा रंग नसतो, आकाशाचा जो रंग मिळेल तो ते घेते, आणि मोनेच्या धुक्यातले निळे-जांभळे व फिकट गुलाबी रंग म्हणूनच इतके खरे वाटतात.

याहून महत्त्वाचे आहे ते वस्तूंचा पार्श्वभूमीवरचा उठाव नाहीसा होणे. झाडाकडून येणारा प्रकाश वाटेत विखुरतो आणि त्याच वाटेवर आकाशाचा विखुरलेला प्रकाश त्यात मिसळतो. समजा, वीस मीटरांत झाड आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निम्मा झाला, तर चाळीस मीटरांवर तो पाव आणि साठ मीटरांवर एक अष्टमांश उरेल. डोळा वस्तूंना त्यांच्या कडांवरून ओळखतो. कडाच विरल्या की नजरेला सोबतीला काही उरत नाही.

पाण्याचा वाटा वेगळा आहे. सरळ खाली पाहिल्यास पाणी सुमारे 2 टक्केच प्रकाश परावर्तित करते. पण डोळे पाण्यापासून सव्वा मीटर उंचीवर असतील, तर दहा मीटरांवरचे शांत पाणी जवळपास निम्मा प्रकाश परत पाठवते, आणि त्यापलीकडे हे प्रमाण वाढतच जाते. काठावर उभे राहण्याऐवजी होडीत बसणे म्हणूनच निर्णायक ठरले. झाडे आणि त्यांची प्रतिबिंबे जवळपास तुल्यबळ झाली, आणि काही चित्रांत काठ नेमका कुठे संपतो हे शोधावेच लागते.

ऊन चढले की धुके विरते, वाऱ्याने पाणी हलते आणि प्रतिबिंब मोडते. एका सकाळी एकच चित्र पुरे करणे त्यामुळे शक्यच नव्हते. मोने अनेक कॅनव्हास एकाच वेळी हाताळत राहिला आणि 1898 मध्ये पॅरिसच्या जॉर्ज पेती यांच्या दालनात ही मालिका लोकांसमोर आली.