बचतगटाच्या आधीच्या वह्या गेल्या कुठं?

गावात बायकांचे गट कधी सुरू झाले असं कुठल्याही सीआरपी ताईला, म्हणजे गटांचं काम बघणाऱ्या गावातल्याच कार्यकर्तीला विचारा, ती उमेद या सरकारी बचतगट अभियानाचं नाव घेणार, म्हणजे २०११ च्या पुढचं काहीतरी. तिच्या सासूला विचारलं तर ती म्हणेल, छे गं, आम्ही तर आधीच्या सुवर्णजयंती योजनेत होतो, आमचं बँकेत खातं होतं. आणि त्या सासूची सासू असती तर तिने महिला मंडळाचं नाव काढलं असतं, शिवणक्लास, बालवाडी, पंधरा ऑगस्टला नऊवारी नेसून काढलेला फोटो. तिघीही बरोबरच, फक्त एकीला दुसरीचं माहीत नाही. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे आमच्या शेजारच्या गावात ग्रामसंघाने, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाने ठरवलंय की जुनं जे काय असेल ते गोळा करायचं. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच आला की आपल्याकडे जुनं आहे तरी काय, पेशव्यांचा वाडा थोडीच आहे. म्हणून हे मागचं सगळं लिहायला घेतलं.

संस्था, नोंदणी वगैरे शब्द यायच्या आधीपासून बायका एकत्र येतच होत्या. पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, एक घास घालायची, दुसरी खुंटा ओढायची, ओवी एकीने उचलायची आणि दुसरीने पुढे न्यायची. भजनी मंडळ होतं, बागलाण-मालेगावकडे कानबाई देवीचे रोट होते, कांद्याच्या लागवडीला सावड होती, म्हणजे एकमेकींच्या शेतात आळीपाळीने काम, आणि मूठभर धान्य बाजूला काढून अडलीनडलीला द्यायची पद्धत होती. कागदावर यातलं काही नाही. गावात डिझेलची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. त्यात बायकांची कंबर वाचली हे आधी मान्य केलं पाहिजे, नाहीतर आम्ही उगाच हळवं होऊन लिहितो. पण ओवी गायची जागाही तिथंच गेली.

कागद सुरू झाला स्वातंत्र्यानंतर. २ ऑक्टोबर १९५२ ला समूह विकास योजना आली आणि तिच्याबरोबर ग्रामसेविका गावात यायला लागल्या. पुढच्याच वर्षी, १९५३ ला दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ झालं, त्यातून बालवाडी, सुईण, शिवणकाम याला थोडे पैसे मिळायला लागले. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि महिला मंडळाला पंचायत समितीची पायरी ओळखीची झाली. मंडळ रजिस्टर करायचं म्हणजे १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, दोन्हीकडे कागद. म्हणजे घटना आली, सात-आठ जणींच्या सह्या किंवा अंगठे आले, आणि इतिवृत्ताची वही आली. माझ्या सासूबाई अशाच एका मंडळाच्या सेक्रेटरी होत्या, त्यांची एक वही मी बघितलीये. सूचक अमुकबाई, अनुमोदक तमुकबाई, ठराव सर्वानुमते मंजूर. अक्षर मात्र सासऱ्यांचं! विचारलं तर म्हणाल्या, बोलायचो आम्ही, ते फक्त लिहायचे.

या मंडळांबद्दल गोडगोडच लिहायचं नाहीये. अध्यक्ष बहुतेक पाटलांच्या नाहीतर सरपंचांच्या घरातली असायची, दलित वस्तीतल्या आणि मळ्यावर मजुरी करणाऱ्या बायका ग्रुप फोटोत क्वचितच दिसतात. संघटना त्यांना माहीत नव्हती असं अजिबात नाही, नाशिकातच २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला त्यात बायका होत्या, आणि हे प्रकरण पुढं पाच वर्षं चाललं. फक्त त्यांना पंचायत समितीतून शिलाई मशीन मिळालेलं नव्हतं, म्हणून त्यांची फाईल नाही. आपल्याकडचा वारसा शोधताना फाईल शोधत बसलं तर त्या परत एकदा सुटतील.

मग १९७२ चा दुष्काळ. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला बायका मोठ्या संख्येने गेल्या, मस्टरवर स्वतःच्या नावाने हजेरी लागली, कित्येकींचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा तिथंच आलं असणार. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे आपलं माविम स्थापन झालं. गावात त्याचा पत्ता लागायला मात्र बरीच वर्षं गेली.

आता चांदवड. खरं तर हे सगळं लिहायला घेतलं त्याचं अर्धं कारण हेच आहे. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला झालं. शरद जोशींची ही संघटना, कांदा आंदोलनामुळे नाशिक जिल्ह्यात घराघरात माहीत होती, पण तोपर्यंत चर्चा शेतमालाच्या भावाची. चांदवडला चर्चा अशी झाली की शेतकऱ्याची बायको ही पण शेतकरी आहे का, मालकी कुणाची, मारहाण होते त्याचं काय, निवडणुकीला बायकांनी उभं राहायचं की नाही. लाखांच्या घरात बायका आल्या होत्या, एसटीने, ट्रॅक्टरने, डोक्यावर भाकरी बांधून. त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला, नवऱ्याने स्वतःहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. आजही कुणाच्या सातबाऱ्यावर आजीचं नाव त्या काळात चढलेलं दिसलं तर तो उतारा म्हणजे महिला चळवळीचा दस्तऐवजच आहे, तो काही फक्त तलाठ्याचा कागद नाही. चांदवडला लोक होळकरांचा रंगमहाल बघायला जातात, रेणुकामातेचं दर्शन घेतात, जरूर जावं. पण त्या दोन दिवसांची आठवण घरातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आणि पेटीत पडलेल्या संघटनेच्या लाल बिल्ल्यात आहे, आणि पोरं तो बिल्ला खेळण्यात घेतात.

बचतीचं गाडं त्याच सुमाराला वेगळ्या वाटेने चाललं होतं. १९८२ पासून ड्वाक्रा ही ग्रामीण बायकांच्या गटांची योजना होती, १९९२ ला नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेने ५०० गट बँकेला जोडायचा प्रयोग काढला, १ एप्रिल १९९९ ला सुवर्णजयंती ग्रामस्वरोजगार आली आणि २०११ ला तिची जागा जीवनोन्नती अभियानाने, म्हणजे आपल्याकडच्या उमेदने घेतली. मधल्या काळात पंचायतीत आधी ३३ टक्के आणि मग २०११ ला महाराष्ट्रात ५० टक्के जागा बायकांना आल्या. आणि गंमत बघा, जी योजना आली तिने नवीन वही उघडली. नवीन गटाचं नाव, नवीन ठरावपुस्तक, नवीन खातं, नवीन सूत्रं. आता तर दशसूत्री आहे, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब आणि वर आरोग्य, शिक्षण वगैरे अजून पाच. चांगलंच आहे ते. पण जुनी वही पुढे न्यायला कुणीच सांगितलं नाही, कारण नवीन योजनेच्या रिपोर्टात गट ‘नव्याने स्थापन’ दाखवायचे असतात. त्याच बायका, तीच ओसरी, तीच अध्यक्ष कधीकधी, आणि कागदोपत्री दर दहा वर्षांनी सुरुवात शून्यापासून. रद्दीवाल्याकडे गेलेल्या वह्यांचं खरं कारण मला तरी हे वाटतं, वाळवी आणि कसर नंतर.

ओव्यांचं नशीब थोडं बरं. साने गुरुजींनी बायकांकडून ऐकून त्या गोळा केल्या, पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या, आणि त्यांनी गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आम्ही पण एक गोष्ट शिकलोय, गाणारीला गाव विचारायचं तर माहेर विचारायचं. ओवी सासरी शिकलेली कमी असते, आईकडून आलेली जास्त. निफाडला रेकॉर्ड केलेली ओवी सटाण्याची निघते आणि शब्द अहिराणी निघतात. द्राक्षाच्या थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात, त्यांची गाणी तिकडच्या कोकणा आदिवासींच्या बोलीतली, ती ‘शुद्ध’ करून लिहिली तर गेलीच म्हणून समजा, आवाज आहे तसा मोबाईलमध्ये ठेवायचा आणि अर्थ त्यांच्यातल्याच कुणाकडून विचारून घ्यायचा.

बाकी काम साधं आहे. वहीचं पान न पान उजेडात ठेवून फोटो काढायचा, मूळ वही सुती कापडात बांधायची, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आत ओल धरते. फोटोच्या मागे नावं मऊ पेन्सिलने लिहायची, बॉलपेनने लिहिलं तर पुढच्या बाजूला चेहऱ्यावर वळ उठतात. वही हरवली असेल आणि मंडळ रजिस्टर होतं तर नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात घटना आणि पहिल्या सभासदांची नावं मिळू शकतात, अर्ज करायचा आणि दोन-तीन चकरांची तयारी ठेवायची.

आणि भांडी बघायची. हे कुणाच्या लक्षातच येत नाही. महिला मंडळांनी वर्गणी काढून लग्नाला लागणारी पातेली, पराती, घमेली घेतली होती, नाममात्र भाड्याने द्यायची, आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यावर नाव कोरून घ्यायचं. आमच्याकडे मारुतीच्या मंदिरात अजून दोन पातेली आहेत, सप्ताहाला भात त्यातच शिजतो. काठावर मंडळाचं नाव आणि ‘अध्यक्षा सौ.’ इतकं वाचता येतं. पुढचं नाव घासून गेलंय. खाली साल आहे त्यातले १९ दिसतात, मागचे दोन आकडे नाहीत. परवा एकीने त्यावर पीठ चोळून बघितलं, एक आकडा ६ असावा असं तिचं म्हणणं, सासूबाई म्हणतात ७. ग्रामसंघाच्या नव्या वहीत दोन्ही लिहून ठेवलंय.