शपथेवर लपवलेली मालमत्ता : वसुलीच्या कायद्याची पार्श्वभूमी

वसुलीचा हुकूमनामा (दिवाणी न्यायालयाचा निर्णय) झाला तरी ऋणकोकडे, म्हणजे देणेकऱ्याकडे, नेमके काय आहे, हे कोकणात कागदावरून क्वचितच कळते. सातबारा आजोबांच्या नावावर, घर सामाईक, हिस्सेदार मुंबईत आणि नौका मेव्हण्याच्या नावे, अशी स्थिती असली की खुद्द ऋणकोच्या शपथेवरच विसंबावे लागते.

त्याची तोंडी तपासणी घेण्याची सोय 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत होती. धनकोच्या, म्हणजे घेणेकऱ्याच्या, हाती खरे हत्यार मात्र अटकेचे होते. 1936 च्या दुरुस्तीने निव्वळ गरिबीसाठी तुरुंग बंद केला. ऐपत असून ऋणको फेडत नाही किंवा मालमत्ता लबाडीने हलवतो, असे काही दाखवणे आवश्यक झाले. पुढे 1976 च्या दुरुस्तीने, हुकूमनाम्याची रक्कम 30 दिवस थकल्यास मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र मागवण्याचा अधिकार न्यायालयाला दिला.

खरा गुंता येथूनच सुरू होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 41 खाली तीन महिन्यांपर्यंतची दिवाणी कैद आहे, पण ती प्रतिज्ञापत्राचा हुकूम न पाळणाऱ्याला. देवगडच्या एखाद्या बागायतदाराने हापूसची कलमे मोहोरापूर्वीच व्यापाऱ्याला कराराने देऊन रोख रक्कम घेतली आणि वेळेत दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्रात ‘बागेचे उत्पन्न नाही’ असे लिहिले, तर त्याने तो हुकूम वरकरणी पाळलेला असतो. खोट्या शपथेसाठी दंड संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा होती, परंतु तक्रार करायची ती न्यायालयाने. धनको फार तर त्यासाठी अर्ज देऊ शकतो. शिवाय न्यायहितासाठी कारवाई इष्ट वाटली पाहिजे, आणि ते ठरवताना पक्षकाराच्या नुकसानीपेक्षा न्यायदानावरील परिणाम पाहावा, असे 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने म्हटले. सूडबुद्धीच्या फिर्यादींना आळा घालण्यासाठी हे आवश्यक आहे, हे मान्य. तथापि दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) वर्षानुवर्षे चालवणाऱ्या लहान पतसंस्थेला किंवा मच्छीमाराला उसने देणाऱ्या माणसाला ही कसोटी फार जड जाते, आणि खोटे लिहिणाऱ्याला ते पुरते ठाऊक असते.

2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनी दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढण्यास सांगितले आणि पैशाच्या दाव्यात मुद्दे निश्चित होण्यापूर्वीच प्रतिवादीकडून मालमत्तेची शपथेवर माहिती घेण्याची मुभा दिली. हुकूमनाम्यानंतर बाग बहिणीच्या नावे करण्याला यामुळे काही आळा बसू शकतो. 1 जुलै 2024 पासून नव्या संहितांत खोट्या शपथेच्या शिक्षेचे दंड संहितेतील कलम 193 चे 229 आणि न्यायालयाने तक्रार करण्याच्या पद्धतीचे फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 340 चे 379 झाले. तक्रारीचा निर्णय मात्र न्यायालयाकडेच राहिला.